तापीच्या पुलापर्यंत

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही. त्याआधी जळगावात चार-पाच घरं पाहून झाली होती. मुलगी धुळ्याची आहे, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागलीय, एवढं ऐकून खूश झालेले मालक आडनाव कळलं की जरा विचारात पडायचे, आणि मग ती खोली पुतण्याला द्यायची असल्याचं त्यांना आठवायचं. पिंप्राळ्यातल्या या घराच्या ओट्यावर मी आडनाव जिभेवर तयार ठेवूनच उभी होते. मालकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “कान कसे आहेत?”

“कान?”

“दोन्ही नीट आहेत ना? लहानपणी फुटला-बिटला नव्हता ना एखादा?”

मी नाही म्हटलं. मग त्यांनी रविवारी सकाळी मोकळी असते का, गाडी लागते का, डाव्या बाजूला बसायला चालेल का, असे प्रश्न विचारले. एवढ्यात आतून बाईमाणसाचा आवाज आला, “तिले घरमा तं येवू द्या पहिले.” त्या अक्का. अक्कांनी पाणी दिलं, गूळ दिला आणि हळूच म्हणाल्या, “घाबरू नको. जीपना आवाज ऐकाले माणसं लागतस त्यासले.” मला काही कळलं नाही, पण खोली मिळाली.

साऱ्या कॉलनीत त्यांना आबा म्हणत. ते पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीची बरीच वर्षं ज्या जीपमधून ते कालव्यांवर हिंडले, ती म्हातारी होऊन लिलावात निघाली तेव्हा त्यांनीच ती घेतली. कापडी टपाची, डिझेलवर चालणारी, चारही चाकांना जोर देणारी. ती घराशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये उभी असे, आणि त्या घरात माणसांपेक्षा तिच्याच तब्येतीची चौकशी जास्त होई. तिला एक खोड होती. ठरावीक वेगाला गेली की तिच्या पोटातून घुमल्यासारखा आवाज निघायचा आणि सगळी जीप पायाखाली थरथरायची. वेग उतरला की बंद. हा आवाज नेमका कुठून येतो ते शोधणं हे आबांचं निवृत्तीनंतरचं काम होतं, आणि ते त्यांनी नोकरीपेक्षाही मन लावून केलं असणार.

त्यांची पद्धत अशी. दर रविवारी सकाळी जीप बाहेर निघायची. भाडेकरूंनी आपापल्या जागी बसायचं. माझी जागा मागे डावीकडे, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या लोखंडी गोळ्यावर लक्ष माझं. मागे उजवीकडे वरच्या खोलीतले बोदवडचे सर. पुढे आबांच्या शेजारी अक्का, त्यांच्याकडे गिअरबॉक्स. इंजिन आबा स्वतः ऐकत. शहर संपून चोपड्याचा रस्ता लागला की आबा वेग धरायचे आणि मान न वळवता हाका घालायचे.

“मागे डावीकडे?”

“थरथरतंय आबा. पण माझ्या खाली नाही, पुढून येतंय.”

“मागे उजवीकडे?”

सर मराठी शिकवायचे. ते डोळे मिटून म्हणायचे, “दूर कुणीतरी पहाटे जात्यावर बसलंय, असा आवाज आहे.”

“सर, उपमा नको. ठिकाण सांगा.”

सर हिरमुसायचे. मग शेवटी, “गिअरबॉक्स?” आणि अक्का गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवून दर रविवारी एकच उत्तर द्यायच्या, “शे तसंच शे,” म्हणजे आहे तसंच आहे.

आबा घरात, बाजारात, रिक्षावाल्याशीसुद्धा ऑफिसातली मराठी बोलत. अक्का अहिराणी बोलत. दोघांचा संसार असा दोन भाषांत चालला होता आणि कुणीच कुणाच्या भाषेत पाऊल टाकत नव्हतं.

आम्हा भाडेकरूंना ते नावानं नाही, जागेनं ओळखायचे. जिन्यात भेटले की म्हणायचे, “डावीकडच्या बाई, आज उशीर?” एकदा मला ताप भरला. आबा दारात उभं राहून विचारायला लागले, “सकाळी थंड असताना येतो की चालून गरम झाल्यावर? गेल्या आठवड्यात काही बदललं होतं का? पाणी? खाणावळ?” मी म्हटलं, दोन्ही. तर त्यांचा चेहरा उतरला. “एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. आता कसं कळणार?” आणि खरोखर वैतागून खाली गेले. थोड्या वेळानं अक्का पेजेची वाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, आबा खाली काळजी करत बसलेत, जरा खिडकीतून हात दाखव.

एका वेळी एकच गोष्ट, हा त्यांचा कायदा होता. क्लचची प्लेट बदलली की पुढे कितीतरी रविवार तेवढंच ऐकायचं. मग इंजिनाखालची रबरं. मग चाकं. मग चाकांवरचे पाटे. अजिंठा चौफुलीवरचा एक मिस्त्री त्यांना लांबून बघितलं की चहाला निघून जायचा. पद्धतीत खोट काढायला जागा नव्हती. एवढंच, की वर्षं त्यामुळे भराभर संपत होती.

आणि वर्षं संपत होती ती अक्कांची. हे सांगितल्याशिवाय त्या रविवारांचा अर्थ कळायचा नाही.

अक्का नर्स होत्या. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर त्यांनी निम्मी नोकरी काढली होती. तिथली सुईण जामलीबाई ही त्यांची जिवाची मैत्रीण. दोघींनी मिळून त्या भागातली किती बाळंतपणं केली ते त्यांनाच ठाऊक. बदली होऊन निघताना जामलीबाईनं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं, की एकदा मोहाची फुलं पडायच्या दिवसांत यायचं आणि चांगलं महिनाभर राहायचं. तेव्हापासून फाल्गुन लागला की अक्का अंगणात उभ्या राहून उत्तरेकडे बघायच्या आणि म्हणायच्या, “आते मोह पडत व्हतीन.”

पाड्यापर्यंत एसटी जात नव्हती. शेवटी नदीचं पात्र आणि मग दगडधोंड्यांची चढण. काळ्या-पिवळ्या जीपा जायच्या, पण टपापर्यंत भरून, आणि अक्कांचे गुडघे गेलेले. आबांनी लिलावात जीप घेतली ती नेमकी यासाठीच. तसं ते बोलून दाखवत नसत, पण मला अक्कांनी सांगितलं होतं. घेतल्याच्या पहिल्या दसऱ्याला आबांनी जीप खालून स्वतः खोलली, मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा काढून वंगण भरलं, खालून सगळीकडे काळा रंग मारला, झेंडूची माळ घातली आणि अक्कांना म्हणाले, “चल, पुढच्या रविवारी जाऊ.” त्या रविवारी तापीच्या पुलापर्यंत गेल्यावर तो आवाज सुरू झाला. आबांनी पुलावरून जीप वळवली. “नदीत मध्येच बंद पडली तर तुला काय पाठीवर घेऊन जाऊ? आवाज सापडू दे.”

तेव्हापासून दर रविवारी आम्ही तापीच्या पुलापर्यंत जायचो. हवा स्वच्छ असली की पुलावरून सातपुडा दिसायचा, निळसर, अगदी जवळ असल्यासारखा. आबा वळायला जागा बघत असायचे. अक्का डोंगराकडे बघत असायच्या. मी मागे डावीकडून त्यांचा कानामागे ओढलेला पदर बघत असायचे आणि मला आबांचा राग यायचा. खूप राग यायचा.

एकदा मी त्यांना म्हटलंसुद्धा, “अक्का, मी सोडते तुम्हाला. आपण दोघी भाड्याची गाडी करू.” अक्का कितीतरी वेळ मेथी निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी दुसरी गाडीमा बठीसन गऊ तं त्यासले काय वाटी? त्यासनी माझेसाठीच लिन्ही ना ती.” मी समोरची एक जुडी ओढून निवडायला बसले.

गाडी रस्त्यात बंद पडली की आबा खुलायचे. पुलाच्या अलीकडे केळीच्या बागांपाशी एकदा ती आचके देत थांबली. डिझेलच्या नळीत हवा शिरल्याची लक्षणं. केळीच्या ट्रॅक्टरवाल्यानं थांबून विचारलं, ओढून नेऊ का? आबा म्हणाले, “थांबा, अजून लक्षणं बघतोय.” त्यांनी टाकी तपासली, नळ्या तपासल्या, पंप तपासला. अक्का केळीच्या सावलीत बसून म्हणाल्या, “फिल्टरना नट काल तुम्हीच खोला व्हता ना?”

“ते मी स्वतः आवळलंय. ते सोड.”

उन्हं चांगली वर आल्यावर सगळं तपासून झालं आणि शेवटी हवा त्या नटातूनच शिरत असल्याचं निघालं. आबांनी निमूटपणे तो आवळला. परतताना कुणालाच हाक घातली नाही. सर माझ्याकडे बघून हसले, मीही हसले. आम्ही सगळेच हसलो आणि त्यातून कुणी काही शिकलं नाही. पुढे चौफुलीवरचा मिस्त्री शाफ्ट काढून बघायचं म्हणाला, म्हणजे गिअरबॉक्समधून मागच्या चाकांना फिरवणारा तो लांब दांडा, तेव्हा आबांनी त्याला हात लावू दिला नाही. “तो मी स्वतः बसवलाय,” ते म्हणाले, आणि मागच्या गोळ्याचं बेअरिंग बदलून घेतलं.

अक्कांकडे नोकरीतली एक ॲल्युमिनियमची नळी होती. एका बाजूनं भोंग्यासारखी पसरट. पोटावर टेकवून बाळाचे ठोके ऐकायची. आबांनी ती पळवली. गाडी चालू ठेवून ते नळी गिअरबॉक्सवर, पंपावर, गोळ्यावर टेकवत आणि दुसऱ्या टोकाला कान लावून शेडमध्ये आडवे पडत. नळी वंगणानं काळी झाली. अक्का म्हणायच्या, “त्या नयीमा मी जीव ऐकेल शेतस, आनि तुम्ही काय ऐकतस?” आबा खालूनच हात वर करून गप्प राहायला सांगायचे.

मग एका वर्षी जामलीबाईच आली.

मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला ती गावच्या आशा सेविकेबरोबर जळगावच्या दवाखान्यात आली होती, आणि डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून थेट पिंप्राळ्यात. बारीक, काटक बाई, दंडात चांदीचं कडं. दारातच म्हणाली, “तू नही ऊनी, म्हनीसन मीच ऊनी.” अक्का तिच्या गळ्यात पडून रडल्या. मी त्यांना रडताना तेवढंच पाहिलं.

जामलीबाई काही दिवस राहिली. दोघी ओट्यावर बसून दिवसभर बोलायच्या. कोणाचा मुलगा शिक्षक झाला, कोणाची सून पुण्याला कामाला गेली, कोण गेलं. एकदा जीप बघायला म्हणून जामलीबाई शेडमध्ये गेली आणि जीपमध्ये स्टिअरिंगशेजारच्या फळीवर तिला ती नळी दिसली. तिनं ती उचलली, एका डोळ्यानं फिरवून फिरवून बघितली, पदरानं पुसली. आबा बाजूलाच उभे होते. बाहेर येऊन तिनं अक्कांच्या गुडघ्यावर नळी टेकवली, कान लावला आणि म्हणाली, “तुना गुडघाबी वाजस.” दोघी इतक्या हसल्या की शेजारची माणसं बाहेर आली.

आबांनी तिला सांगितलं, “मी सोडतो तुम्हाला. हीसुद्धा येईल. फक्त एवढं एक बेअरिंग बदलून घेतो, पुढच्या रविवारी निघू.” जामलीबाई पुढचा रविवारही राहिली. त्या रविवारी आम्ही सगळे निघालो, जामलीबाई पुढे अक्कांना खेटून बसली. पुलाच्या अलीकडे आवाज सुरू झाला. आबांनी वेग कमी केला, वाढवला, परत कमी केला. पुलावर जीप थांबवून ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. अक्का समोर बघत म्हणाल्या, “चला तसंच.”

“नदीत थांबली तर?”

“तं थांबी. माणसं शेतस ना तठे.”

आबांनी जीप वळवली. दुसऱ्या दिवशी जामलीबाई एसटीनं निघून गेली, चोपड्याहून काळ्या-पिवळ्या जीपनं. जाताना आबांना म्हणाली, “गाडी बरी व्हयनी का हिले लई या.” त्यात टोमणा नव्हता. आजारी माणसाबद्दल बोलावं तसं ती बोलली.

पुढे माझं लग्न झालं, मी धुळ्याला आले. सर निवृत्त होऊन बोदवडला गेले. आबांनी आमच्या जागी नवे भाडेकरू घेतले, पण त्यांना रविवारी वेळ नसायचा. अक्कांचा फोन यायचा. आवाज सापडला का, असं मी विचारायचे आणि त्या म्हणायच्या, “शे तसंच शे.” पौषात त्या गेल्या. दोन दिवस ताप आला एवढंच. मी पोचले तेव्हा आबा अंगणात खुर्चीवर बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला, काय काय झालं, आधी कोणतं लक्षण दिसलं, ते क्रमानं सांगत होते. मला अक्कांची इतकी आठवण आली की मी त्यांच्यासमोर उभी राहू शकले नाही.

फाल्गुनात आबांचा फोन आला. कशी आहेस वगैरे काही विचारलं नाही. “सापडलं,” ते म्हणाले. “रविवारी ये. सरांनाही सांगितलंय.”

मी सकाळच्या एसटीनं पारोळा, एरंडोल करत जळगावला उतरले. शेडमध्ये जीपशेजारी सर उभे होते. आबांनी मला खाली वाकून बघायला लावलं. जीप विकायची म्हणून ते खालचा जुना रंग खरवडत होते. शाफ्टचे दोन भाग असतात, दातेरी, एकात एक सरकणारे. दोन्हींवर एकेक बाण कोरलेला असतो. बाण एकमेकांसमोर आले तरच दांडा नीट फिरतो. दोन दाते जरी इकडचे तिकडे झाले तरी सगळी गाडी थरथरते. रंग निघाला तेव्हा बाण दिसले. समोरासमोर नव्हते.

“पहिल्या दसऱ्याला मीच काढला होता,” आबा म्हणाले. “मीच बसवला. वरून रंग मारला.”

सर वाकून त्या बाणांवरून बोट फिरवत राहिले.

“गाडीला काही झालंच नव्हतं. मी तिला सांगत राहिलो, गाडी बिघडलीय. ती म्हणायची, चला तसंच.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “दुसऱ्या कुणी बसवला असता, तर पहिल्याच दिवशी काढून बघितला असता मी.”

त्यांनी शाफ्ट पुन्हा नीट बसवला होता, आता बाण समोरासमोर होते. आबांनी जीप बाहेर काढली. मी मागे डावीकडे बसले, सर मागे उजवीकडे. पुढची जागा रिकामीच राहिली. चोपड्याचा रस्ता लागला, आबांनी वेग धरला. मी पाय घट्ट रोवून वाट बघत होते, इतक्या वर्षांची सवय. काही आलं नाही. फक्त इंजिन आणि टपाचं कापड फडफडत होतं.

“मागे डावीकडे?”

“काही नाही, आबा.”

“मागे उजवीकडे?”

सरांनी डोळे मिटले होते. “काही नाही,” ते म्हणाले.

“गिअरबॉक्स?”

ते सवयीनं विचारून गेले. त्यांच्या मानेकडे मला बघवेना. तापीचा पूल आला. समोर सातपुडा दिसत होता. वळायची जागा आली आणि गेली, जीप पुलाच्या पलीकडे उतरली. सरांनी माझा हात धरला. बऱ्याच वेळानं आबा म्हणाले, “जामलीबाईंना अजून कळवलेलं नाही. ही गोष्ट मला फोनवर सांगायची नव्हती.”

चोपड्यात त्यांनी मला पुढे येऊन बसायला सांगितलं, चढणीला पुढे वजन लागतं म्हणून. नदीच्या पात्रात पाणी थोडंच होतं. आबांनी चारही चाकांची दांडी ओढली. जीप दगडांवरून डुलत, एकदाही न अडखळता पलीकडे गेली. अक्कांना ज्याची भीती घालून थांबवलं, ते एवढंसं होतं.

पाड्यावर अंगणाअंगणांत मोह वाळत होता, सगळीकडे त्याचा गोड वास. गाडीचा आवाज ऐकून जामलीबाई बाहेर आली. आता दोन्ही डोळ्यांनी बघत होती. जीप ओळखून ती हसत हसत पुढच्या दाराशी आली आणि आत मला बघून थांबली. मागे सर होते, तिकडे बघितलं. मग आबांकडे.

आबा खाली उतरले. त्यांनी फळीवरून नळी काढली. घासून घासून ती लख्ख केली होती. दोन्ही हातांनी त्यांनी ती जामलीबाईला दिली. जामलीबाईनं ती घेतली आणि तरीही, पूर्वीसारखीच, पदरानं पुसायला लागली. पुसत राहिली. मग मान वर न करता तिनं विचारलं, “गाडी बरी व्हयनी का?”

“बरी व्हयनी,” आबा म्हणाले. “पन उशीर व्हई गया, बाई.”

जामलीबाईनं नळी कमरेला खोचली आणि मोह जरासा बाजूला सारून आमच्यासाठी अंगणात खाट टाकली.